दुसऱ्याचं ते कार्टं

'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. शेजारच्या मुलाने क्रिकेट खेळताना काच फोडली की हमखास बाहेर निघायची. पण गेले दोन-तीन वीकेंड मी जे काही वाचत बसलोय, ते वाचताना ही म्हण डोक्यातून जाईना. लहान मुलांच्या हक्कांबद्दलचा जो आंतरराष्ट्रीय करार आज आहे, त्याची सुरुवात नेमकी या म्हणीशी झालेल्या भांडणातून झाली. आणि गंमत म्हणजे हे भांडण ज्या बाईंनी उकरून काढलं, त्यांना स्वतःला मुलं फारशी आवडायचीच नाहीत!

बाईंचं नाव एग्लंटाईन जेब. जन्म १८७६चा, इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातलं खाऊनपिऊन सुखी घराणं. ऑक्सफर्डला इतिहास शिकल्या, मग शिक्षिकेचं ट्रेनिंग घेऊन मार्लबरोच्या एका शाळेत गरिबांच्या मुलांना शिकवायला लागल्या. तिथे काही रमल्या नाहीत, तब्येतही साथ देईना. मुलांविषयी आपल्याला विशेष प्रेम नाही, हे त्यांनी अगदी मोकळेपणाने लिहून ठेवलंय. एका ठिकाणी तर त्यांनी वापरलेल्या शब्दाला मराठीत 'कार्टी' हाच चपखल शब्द आहे. नोकरी सोडून केंब्रिजला आल्या आणि तिथल्या गरिबीचा अभ्यास करून १९०६ साली त्यावर पुस्तक काढलं. आजच्या भाषेत सांगायचं तर आधी डेटा गोळा करा, मग दानधर्म करा, अशा वृत्तीची बाई. १९१३ मध्ये बाल्कन युद्धांनंतर मदतीचे पैसे घेऊन मॅसिडोनियालाही जाऊन आल्या. निर्वासित म्हणजे काय असतं ते तिथे जवळून पाहिलं.

मग पहिलं महायुद्ध आलं. जेबबाईंची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन हिने या काळात एक विलक्षण उद्योग केला. शत्रुराष्ट्रांतली वर्तमानपत्रं मागवायची सरकारी परवानगी तिने मिळवली, आणि त्यातल्या बातम्यांचे अनुवाद 'केंब्रिज मॅगझीन'मधून छापायला लागली. जेबबाईही अनुवादाच्या कामाला लागल्या. इंग्लंडमधल्या पेपरांत जर्मन म्हणजे राक्षस. आणि या अनुवादांत दिसायची ती तिकडची साधी माणसं: रांगेत उभी असलेली, दूध शोधणारी, मुलं पुरणारी.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण शाळेत आपल्याला शिकवतात की ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध संपलं. तोफा थांबल्या हे खरं. पण ब्रिटनने आणि दोस्तराष्ट्रांनी केलेली समुद्री नाकेबंदी उठली नाही. जर्मनीने तहावर सही करेपर्यंत दबाव हवा, म्हणून ती पुढे चालू ठेवली. १९१९च्या मार्चनंतर काही धान्य आत जायला लागलं, पण नाकेबंदी पूर्ण उठायला त्या वर्षीचा जुलै उजाडला. म्हणजे युद्ध 'संपल्यावर' आठ महिने! जर्मनी-ऑस्ट्रियातल्या शहरांत दूध नाही, चरबी नाही, कोळसा नाही. व्हिएन्नातल्या मुलांची हाडं मुडदूसाने वाकली. या मुलांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? पण इंग्लंडमध्ये हा प्रश्न विचारणं म्हणजे जवळजवळ देशद्रोह. ज्या घरातला मुलगा फ्लँडर्सच्या चिखलात मेलाय, त्या घरातल्या आईला जाऊन सांगायचं की जर्मन बाळासाठी पैसे द्या! मला तरी त्या आईचा राग कळू शकतो.

एप्रिल १९१९ मध्ये जेबबाई लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पत्रकं वाटत होत्या. पत्रकावर एका ऑस्ट्रियन मुलीचा फोटो. वय अडीच वर्षं, डोकं मोठं, हातपाय काड्यांसारखे, उभंही राहता येत नाही. आणि खाली मजकुराचा आशय असा, की हे आपल्या नाकेबंदीमुळे झालंय. 'आपल्या' हा शब्द महत्त्वाचा. युद्धकाळातला कायदा अजून लागू होता, पत्रक सेन्सॉरला दाखवलेलं नव्हतं, त्यामुळे बाईंना अटक झाली. बरोबर बार्बरा आयर्टन गूल्ड यांनाही.

मे महिन्यात खटला उभा राहिला. कायद्याच्या नजरेने बचावाला जागाच नव्हती. पत्रक सेन्सॉरकडे पाठवलं होतं का? नाही. संपलं. बाईंनी आपली बाजू स्वतःच मांडायचं ठरवलं आणि कायदा बाजूला ठेवून थेट माणुसकीच्या मुद्द्यावर बोलल्या, कारण समोर पत्रकार लिहून घेत होते. (याला आजकाल मीडिया स्ट्रॅटेजी म्हणतात.) गुन्हा शाबित झाला, दंड पाच पौंड. तुरुंगाची तयारी ठेवलेल्या बाईंच्या दृष्टीने हा विजयच. आणि मग सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन, म्हणजे ज्यांनी त्यांच्याविरुद्ध खटला चालवला तेच गृहस्थ, यांनी स्वतःच्या खिशातून पाच पौंडांची नोट काढून बाईंच्या हातात ठेवली. 'सेव्ह द चिल्ड्रन' फंडाची ही पहिली देणगी मानली जाते. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, कायपण हं!

१९ मे १९१९ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सभा झाली आणि फंडाची रीतसर स्थापना झाली. हॉल गच्च भरलेला. काही मंडळी तर सडकी फळं खिशात घेऊनच आली होती म्हणे, या देशद्रोही बायांवर फेकायला. सभा संपेपर्यंत वातावरण फिरलं आणि लोकांनी पैसे दिले. खाण कामगारांचे पुढारी रॉबर्ट स्मायली यांनी पाठिंबा दिला. नंतर जेबबाईंनी थेट पोपनाच गळ घातली. पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१९च्या नोव्हेंबरात पत्रक काढून जगभरच्या चर्चना सांगितलं की २८ डिसेंबरला मुलांसाठी वर्गणी गोळा करा. हा दिवस हेरोद राजाने मारलेल्या बाळांच्या स्मरणाचा. (आपला कंस आणि देवकीची बाळं आठवा. गोष्टी सगळीकडे त्याच असतात.)

आता त्या 'मुलं आवडत नव्हती' या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. फंड सुरू झाल्यावर बाईंनी एका मैत्रिणीला विनोदाने लिहिलं होतं, की मुलांची पर्वा न केल्याची शिक्षा म्हणूनच मला आता दिवसभर मुलांवरच्या प्रेमाबद्दल बोलत बसावं लागतंय. आपण हे वाचून हसतो. पण विचार करा, मुलं आवडणारी माणसं कमी होती का त्या काळात? इंग्लंडमध्येही आया होत्या, जर्मनीतही होत्या, आणि नाकेबंदी करणाऱ्या मंत्र्यांच्या घरातही गोबऱ्या गालांची नातवंडं असणारच. प्रेम भरपूर होतं, फक्त ते आपापल्या बाब्यापुरतं. माया ही मुळातच आपल्या माणसांपुरती असते, त्यात वाईट काही नाही. पण जे मूल आपलं नाही, दिसायला गोंडस नाही, ज्याच्या बापाने आपल्या भावाला मारलंय, त्याला खायला कोण घालणार? तिथे माया चालत नाही, तिथे नियम लागतो. आणि तो नियम लिहायला कदाचित अशीच बाई हवी होती, जिच्या दृष्टीने सगळीच कार्टी सारखी!

दोन वर्षांत या विचाराची परीक्षा झाली. १९२१ मध्ये रशियात व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. आता भुकेली मुलं बोल्शेविकांची, म्हणजे जर्मनांहून भयंकर. 'डेली एक्सप्रेस'ने तर मोहीमच उघडली: दुष्काळाच्या बातम्या फुगवलेल्या आहेत, आधी घरचं बघा. ('आधी आपल्या देशातलं बघा' हा डायलॉग शंभर वर्षांत एक अक्षरही बदललेला नाही.) फंडाने जहाज भाड्याने घेतलं, 'टॉर्चेलो' नावाचं, आणि सुमारे ६०० टन सामान पाठवलं. सारातोव प्रांतात स्वयंपाकघरं काढली आणि कामाच्या ऐन भरात रोज सुमारे तीन लाख मुलांना जेवण दिलं. दुष्काळ खोटा म्हणणाऱ्यांसाठी प्रेस फोटोग्राफर पाठवून फिल्म काढून आणली, ती गावोगावी दाखवली, पेपरांत पानभर जाहिराती दिल्या. दानाच्या पैशातून जाहिराती? तेव्हाही लोक असेच ओरडले होते.

पण बाईंना दिसत होतं की हे पुरणार नाही. आज व्हिएन्ना, उद्या सारातोव, परवा आणखी कुठे. दरवेळी नवा फोटो, नवी झोळी. सांगतात की जिनिव्हाजवळच्या साल्येव्ह डोंगरावर एका रविवारी एकट्याच चढून गेल्या आणि वर बसून मसुदा लिहिला. पाच कलमं फक्त. मुलाच्या शारीरिक आणि आत्मिक वाढीला लागेल ते मिळालंच पाहिजे. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला औषधपाणी, मागे पडलेल्याला हात, वाट चुकलेल्याला परत आणणं, अनाथाला आसरा. संकटात मदत आधी मुलांना. कमवायला शिकवणं आणि पिळवणुकीपासून संरक्षण. आणि आपले गुण इतर माणसांच्या कामी यावेत ही जाणीव. सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं, की वंश, राष्ट्र, धर्म यांचा विचार न करता. एका पानात मावणारं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट! मी रोज जे दीडशे पानी वाचतो, त्यांच्या लेखकांना हे फ्रेम करून द्यावंसं वाटतं. २६ सप्टेंबर १९२४ ला लीग ऑफ नेशन्सने ते स्वीकारलं. ब्रिटिशांच्या ताब्यातला असूनही भारत लीगचा संस्थापक सदस्य होता, म्हणजे कागदोपत्री आपणही त्यात आलो. चार वर्षांनी, १९२८ च्या डिसेंबरात, बाई जिनिव्हातच वारल्या. वय ५२. तब्येत आयुष्यभर तोळामासाच होती.

या जाहीरनाम्यावरची सगळ्यात बोचरी टीका वॉर्सामधून आली. यानुश कोरचाक हे पोलिश ज्यू डॉक्टर, लेखक, आणि अनाथालय चालवणारे. त्यांचं म्हणणं, जिनिव्हाच्या मंडळींनी हक्क आणि कर्तव्य यांची गल्लत केलीय. यात मागणी नाही, विनवणी आहे. आणि खरंच आहे ते. शीर्षकात 'हक्क' शब्द आहे, पण आतल्या कलमांत मोठ्यांनी काय करावं तेवढंच. नाही केलं तर काय? काही नाही. कोरचाकना त्याचं उत्तर फार भयानक रीतीने मिळालं. वॉर्साच्या घेट्टोत कोंडलेल्या अनाथालयात १८ जुलै १९४२ ला मुलांनी एक नाटक केलं: रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर'. आजारी अमल खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, ते. ऑगस्टच्या सुरुवातीला नाझींनी कोरचाक आणि सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाला नेऊन मारलं. कोरचाकना स्वतःची सुटका करून घेता आली असती, त्यांनी मुलांना सोडलं नाही. हे वाचल्यावर त्या दिवशी मी पुढे काही वाचू शकलो नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ११ डिसेंबर १९४६ ला युनिसेफ निघालं, तेव्हा मात्र नियम पहिल्यापासून ठरला होता: जिंकलेल्यांची मुलं आणि हरलेल्यांची मुलं, दोघांनाही. पुढे या कामाने वेगळंच वळण घेतलं. दूध, लसी, औषधं नुसती वाटण्याऐवजी ती बनवायची सोयच उभी करून द्यायची. आमच्या पुणेकरांना याचा पुरावा रोज दिसतो, पण माहीत नसतो. पिंपरीचं 'एचए', म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. पेनिसिलिनच्या त्या कारखान्याची यंत्रसामग्री युनिसेफने दिली आणि तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेने. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. ज्या पेनिसिलिनसाठी त्याआधी परदेशाकडे बघावं लागायचं, ते पिंपरीत बनायला लागलं. पुणे-मुंबई रस्त्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या घालताना पुढच्या वेळी उजवी-डावीकडे बघा.

कोरचाकच्या टीकेला उत्तर मिळायला मात्र १९८९ उजाडलं. १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी एक जाहीरनामा काढला, पण तोही बंधनकारक नव्हता. १९७८ मध्ये पोलंडने, कोरचाकच्या पोलंडने, मागणी केली की आता करार हवा, देशांना बांधणारा. अकरा वर्षं मसुद्याचा काथ्याकूट होऊन २० नोव्हेंबर १९८९ ला बालहक्क करार मंजूर झाला. ५४ कलमं. यात मूल हे नुसतं खायला घालायचं तोंड नाही, त्याला नाव आहे, नागरिकत्व आहे, मत मांडायचा हक्क आहे. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. बाकी संयुक्त राष्ट्रांचे सगळे सदस्य देश आत आहेत.

आपण ११ डिसेंबर १९९२ ला आत आलो, पण एक पुस्ती जोडून. कलम ३२, म्हणजे बालमजुरी. भारताने लिहून दिलं, की सगळ्या प्रकारच्या कामाला लगेच किमान वय लावणं आम्हाला व्यवहार्य नाही, टप्प्याटप्प्याने करू. टप्पे आले. २००९चा शिक्षणहक्क कायदा, २०१६ मध्ये बालमजुरी कायद्यात दुरुस्ती, २०१७ मध्ये किमान वयाच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला आता बंदी आहे. अपवाद दोन: बाल कलाकार, आणि शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत.

हा दुसरा अपवाद वरवर अगदी साधा वाटतो. लहानपणी आपणही काकांच्या दुकानात पुड्या बांधल्यात. पण कायद्यात 'घरच्या' या शब्दात आई-बापाच्या भावंडांचाही धंदा येतो, आणि टपरीवर कपबश्या विसळणाऱ्या बारक्याला विचारलं तर तो मालकाकडे बघून "मामा आहे" म्हणतो. असेलही. तपासणार कोण, आणि कधी? रात्री साडेदहाला आम्ही रिलीज संपवून चहाला खाली उतरतो, तेव्हा तो जागाच असतो.