मावळता सूर्य आणि दृक्प्रत्ययाचा आग्रह

जुन्या कुलाबा जिल्ह्यातील (1981 पासून रायगड) नागाव येथे 1824 साली केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म झाला. पंचांगाचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळले पाहिजे, म्हणजे त्याचा दृक्प्रत्यय आला पाहिजे, हा आग्रह महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांत ते अग्रणी होते. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले, 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने निघू लागलेले पटवर्धनी पंचांग त्यांच्याच गणितावर उभे राहिले. त्या पंचांगावरून झालेला वाद मुख्यतः अयनांशाचा, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा याचा होता. परंतु दृक्प्रत्ययाची सर्वांत कठीण कसोटी सूर्यास्ताला लागते, कारण क्षितिजावर डोळ्यांची साक्षच फसवी ठरते.

वातावरणाच्या विरळ थरांतून दाट थरांत शिरताना प्रकाशकिरण वाकतात. या वक्रीभवनामुळे क्षितिजावरचे बिंब सुमारे 34 कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक, वर उचललेले दिसते. सूर्याचा व्यास सुमारे 32 कलाच असल्याने, त्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते तेव्हा भूमितीच्या हिशेबाने सबंध सूर्य मावळलेला असतो. नागावच्या अक्षांशावर हा फरक दोन मिनिटांहून थोडा अधिक भरतो, आणि ज्या पंचांगात प्रदोषकाल सूर्यास्तापासून मोजायचा त्याला तो उपेक्षून चालत नाही. सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथात लंबनाचा, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठावरून पाहिल्यामुळे पडणाऱ्या स्थानभेदाचा, विचार आहे. वक्रीभवनाचा संस्कार मात्र तेथे नाही.

खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जात असल्याने मावळते बिंब चपटे दिसते. हिरवा प्रकाश तांबड्यापेक्षा किंचित अधिक वाकतो आणि निळा-जांभळा हवेत बराचसा विखुरला जातो, म्हणून स्वच्छ सागरी क्षितिजावर अखेरच्या क्षणी वरच्या कडेला हिरवी छटा चमकू शकते. समुद्रालगतची हवा वरच्या हवेहून उबदार असेल, तर बिंबाखाली त्याचेच उलटे प्रतिबिंब उमटून दोन्ही एकमेकांना चिकटतात. हे सारे तपमान आणि वायुदाब यांवर अवलंबून असल्यामुळे 34 कला ही केवळ सरासरी ठरते, आणि कोष्टकात छापलेला सूर्यास्त सेकंदापर्यंत खरा ठरेल अशी हमी कोणत्याही पंचांगकर्त्याला देता येत नाही.