लष्करी युती: सोलापूरचा किल्ला ते नाटो

समान धोक्याविरुद्ध एकत्र लढण्यासाठी राज्ये जो करार करतात, ती लष्करी युती. धोका बदलला की युतीला नवे काम शोधावे लागते. नाहीतर ती मोडते.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही अनेक वर्षे भांडत होत्या. विजयनगरच्या रामरायाचे बळ वाढल्यावर दोघींनी वैर बाजूला ठेवले. निजामशहाची मुलगी चांदबीबी हिचा अली आदिलशहाशी विवाह झाला आणि किल्ला विजापूरला आंदण मिळाला. गोवळकोंडा व बीदरही सोबत आले. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत रामराया मारला गेला. समान शत्रू संपताच युती विस्कटली.

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या नाटोपुढे १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर हाच प्रश्न उभा राहिला. नाटोने बाल्कन, अफगाणिस्तान, सायबर हल्ले अशी नवी कामे घेतली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यानंतर फिनलंड (२०२३) आणि स्वीडन (२०२४) सदस्य झाले. आग्नेय आशियासाठी १९५४ मध्ये झालेली सीटो मात्र १९७७ मध्ये विसर्जित झाली.

सीटो आकार घेत असतानाच, २६ ऑगस्ट १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यसभेत त्यावर बोलले. ही संघटना आक्रमणासाठी नसून आक्रमण रोखण्यासाठी आहे, असे त्यांनी मांडले. चीनसोबतच्या पंचशील करारावर विसंबण्यास त्यांचा विरोध होता. माओंची पंचशीलावर श्रद्धा असती तर स्वतःच्या देशातील बौद्धांना त्यांनी वेगळी वागणूक दिली असती, हा त्यांचा युक्तिवाद. १९६२ मध्ये चीनने भारतावर हल्ला केला. आजचे करार तपासतानाही शब्दांआधी करार करणाऱ्याचे वर्तन पाहावे.