फेरफटक्यांचे बेळगाव

शताब्दी ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला 'बेळगावचे सांस्कृतिक जीवन' असा विषय सुचवला होता. विषय भारदस्त आहे, आणि त्यावर अधिकाराने लिहू शकतील अशी माणसे आपल्या सभासदांतच पुष्कळ आहेत. मी या गावाचा जन्माने नव्हे. माणदेशातल्या कोरड्या मुलखातून १९९७ साली नोकरीच्या निमित्ताने येथे आलो आणि येथलाच झालो. तेव्हा दत्तक आलेल्या माणसाला जे आधी दिसते, त्याविषयीच लिहावे असे ठरवले. दत्तक मुलाला घराची वंशावळ उशिरा कळते. ओसरीवर ऊन कोठे येते, हे मात्र पहिल्याच दिवशी कळते.

सीमाभागाचा इतिहास आपण सनावळीने सांगतो. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ साली गावाचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. या सनांपैकी एकही मला कमी महत्त्वाची वाटत नाही. येथल्या कित्येक घरांत त्या तारखा घरच्या दुःखासारख्या सांगितल्या जातात. तरी एक प्रश्न या सनावळीतून सुटत नाही. बाहेरून आलेली माणसे बेळगावकर कशी झाली? माझ्या मते याचे उत्तर संध्याकाळच्या फेरफटक्यांत सापडते. आणि त्याची नोंद दप्तरांत नसली, तरी साहित्यात आहे.

हे गाव मुळातच येणाऱ्यांचे. तेराव्या शतकाच्या आरंभी सौंदत्तीच्या रट्टांनी राजधानी वेणुग्रामास आणली. १२०४च्या सुमारास चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्याने बांधलेली कमल बसदी आजही किल्ल्यात उभी आहे. १४७२ साली महमूद गावान बहामनी फौज घेऊन आला, १८१८ साली इंग्रज आले आणि त्यांच्यामागून कॅम्प आला. ही सारी मंडळी तोफा किंवा फर्माने घेऊन आली. पुढे, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात रेल्वे आल्यावर, आले ते शिक्षक, वकील, कारकून, डॉक्टर. त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि एक वळकटी. अशा माणसाला परक्या गावात पहिला सोबती भेटतो तो रस्ता. कचेरी सुटल्यावर खोलीत बसून करायचे काय? म्हणून तो चालू लागतो.

आणि काही जण सायकलीवर बसू लागतात! लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षक असताना तेथून सायकली पाठवीत आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकल घेणाऱ्याला ती चालवायला शिकवण्याचे कामही तेच करीत. १८८८ साली निघालेल्या त्या सायकलींच्या दुकानातून पुढे एवढा मोठा उद्योग उभा राहिला, हे सर्वश्रुत आहे. मला मात्र भुरळ पडते ती त्या शिकवणीची. फेटा सावरीत, धोतराचा सोगा सांभाळीत पन्नाशीचे एखादे वकीलसाहेब तोल जाऊन पडत असतील, आणि ते पाहायला अर्धी गल्ली जमत असेल. गावाच्या करमणुकीच्या इतिहासात या प्रसंगांना अवश्य जागा हवी. पुढे नगरपालिकेला जागा हवी झाली, म्हणून किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात उरला तो किर्लोस्कर रोड. आज त्या रस्त्यावरून सायकल नेणे म्हणजे धाडसच.

टिळकवाडीतल्या काँग्रेस रोडचीही अशीच गोष्ट आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले. 'विजयनगर' नावाची तात्पुरती नगरी उभी राहिली, पाण्यासाठी 'पंपासरोवर' नावाची विहीर खोदण्यात आली. स्वागतगीत गाणाऱ्यांत गंगूबाई हनगल नावाची लहान मुलगी होती. अधिवेशन संपले, मंडप उतरला, नेते परतले. राहिली ती विहीर आणि रस्ता. त्या रस्त्याने ज्यांनी वर्षानुवर्षे संध्याकाळ घालवली, त्यांच्यातल्या कितीकांना त्याच्या नावाचे कारण आठवत असेल? पण म्हणून रस्त्याचे मोल उणावत नाही. इतिहास विसरून चालता यावे, इतका तो पायांखालचा झाला आहे.

टिळकवाडीचा भूगोल नवख्याला समजतो तो फाटकांवरून. पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट. पत्ता सांगायचा तो असा, आणि भेटायचे ठरवायचे तेही असेच. आलो त्या वर्षी मी दुसऱ्या गेटजवळ खोली घेतली होती. गाडी येण्याआधी फाटक पडे, दोन्ही बाजूंना सायकली, स्कूटर, भाजीच्या गाड्या थांबत, आणि त्या सक्तीच्या विसाव्यात अनोळखी माणसे बोलू लागत. या गावात माझ्या ज्या ओळखी झाल्या त्यांतल्या निम्म्या तरी बंद फाटकाशी झाल्या. उड्डाणपुलाखालून गाडी निघून जाते, वेळ वाचतो, हे खरे आहे आणि योग्यही आहे. पण पुलावर कोणी कोणाशी बोलत नाही.

सकाळच्या फेरीसाठी व्हॅक्सिन डेपो. देवीची लस तयार करण्यासाठी राखलेले हे आवार. देवीचा रोग जगातून गेला, झाडे राहिली. संध्याकाळी किल्ला आणि त्यालगतचा तलाव, जेथे २०१८ साली ११० मीटर उंचीच्या खांबावर राष्ट्रध्वज चढला. श्रावणी सोमवारी कपिलेश्वर. आषाढात वडगावच्या मंगाईची जत्रा. रविवारी जमल्यास येळ्ळूरचा राजहंसगड किंवा देवरवाडीचा वैजनाथ. वर्षातून एखाद्या वेळी गोकाकचा धबधबा. घटप्रभेचे ते तांबूस पाणी पावणेदोनशे फूट खाली कोसळताना झुलत्या पुलावर उभे राहून पाहायचे, भिजायचे आणि घरून आणलेली दशमी-चटणी खायची. यात खर्चाचे असे काहीच नाही.

पावसाविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरचे हे गाव. याला 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणतात. माणदेशात आम्ही पाऊस येण्याची वाट पाहत असू, येथे लोक तो उघडण्याची वाट पाहतात, हे पाहून पहिल्या जुलैत मी थक्क झालो. ऊन दिसले म्हणून तसाच बाहेर पडलो तर शेजारच्या आजी ओट्यावरून ओरडल्या, ''सर, छत्री घेऊन जावा की!'' तो 'जावा की' मला फार आवडला. त्यात आज्ञा होती, काळजी होती आणि कानडीचा हेलही होता. व्याकरणाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना प्रमाण रूपे शिकवतो. परंतु 'काय करूलाय?' असे विचारणारा माणूस भेटला की घरी आल्यासारखे वाटते, हेही लपवून उपयोग नाही.

याच हेलाला मराठी साहित्यात मानाचे पान मिळवून दिले ते एका परगावच्या प्राध्यापकाने. पु. ल. देशपांडे काही काळ आपल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठी शिकवीत होते. मुंबईचा माणूस, येथे बदलीवर आल्यासारखा आला आणि त्याला येथे रावसाहेब भेटले. 'गणगोत'मधले ते व्यक्तिचित्र आपण सर्वांनी वाचले आहे. कृष्णराव हरिहरांना पाहिलेली माणसे ते वाचताना अजून डोळे पुसतात. कानडी आणि मराठी यांचे भांडण राजकारणात कितीही पेटो, रावसाहेबांच्या तोंडी त्या दोन भाषा एकाच ताटात जेवतात. पु. ल. येथे राहिले ते थोडी वर्षे. तेवढ्यात त्यांनी जे पाहिले, ते बैठकीत, गाण्यात आणि गप्पांत पाहिले. आणि लिहिले ते बेळगाव सोडून गेल्यानंतर.

येथे मला एक गोष्ट दिसते. बेळगावची साधी सुखे ज्यांनी लिहिली, ते बहुतेक येथून गेलेले लोक आहेत. काकासाहेब कालेलकर हे बेळगुंदीचे. १९०८ साली ते येथल्या गणेश विद्यालयात मुख्याध्यापक होते. पुढे गुजरातेत राहून गुजराती भाषेचे मान्यवर लेखक झाले, भारतभरच्या नद्यांवर त्यांनी लिहिले. पण 'जीवनलीला'त बेळगुंदीच्या बारक्या मार्कंडीला त्यांनी 'सखी' म्हटले आहे. गंगा माता आणि मार्कंडी सखी! जी. ए. कुलकर्णी १९२३ साली चिकोडीजवळच्या एकसंब्यात जन्मले, शिकले बेळगावात, आयुष्य काढले धारवाडात; आणि बालपणीची माणसे त्यांनी 'माणसे : अरभाट आणि चिल्लर'मध्ये आठवली. ते पुस्तक आले तेव्हा जी. ए. हयात नव्हते.

प्रकाश नारायण संतांचे उदाहरण तर सर्वांत ठळक. १९३७ साली बेळगावात जन्म, भूशास्त्राचे अध्यापन कराडला. तेथे बसून त्यांनी लंपन लिहिला. 'वनवास' १९९४ साली आले, मग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहायला आलेला हा मुलगा, म्हणजे एका अर्थाने तोही दत्तकच. त्याच्या जगात घडते तरी काय? गल्ली, शाळा, शेजारची सुमी, पावसात भिजलेले रस्ते, दुरून ऐकू येणारे गाणे. त्याच्या बोलण्यात कानडी शब्द असे येतात की पुण्याच्या वाचकाला ते अर्थासह कळतात, आणि आपल्याला अर्थाच्याही आधी कळतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या फेरफटक्यांचा याहून विश्वासार्ह दस्तऐवज मला ठाऊक नाही.

मात्र माझ्या या निरीक्षणाला एक अपवाद आहे, आणि तो त्याच घरातला आहे. इंदिरा संत येथे राहिल्या. जन्म विजापूरकडच्या इंडीचा, घराणे निपाणीजवळच्या तवंदीचे, शिक्षण कोल्हापूर-पुण्याचे. १९४६ साली पती ना. मा. संत गेले, त्यानंतर अध्यापन करीत, मुले वाढवीत त्यांनी बेळगावात संसार पुढे नेला आणि 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' लिहिले. 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८४ साली. त्यांच्या कवितेत गावाचे नाव शोधू गेल्यास सापडणार नाही. सापडेल तो पाऊस, अंगण, संध्याकाळचा बदलता प्रकाश. निपाणीहून तवंदीचा घाट चढून बेळगावाकडे येताना हवा जशी पालटते, ती मला प्रत्येक वेळी त्यांची आठवण करून देते. समीक्षेत याला पुरावा म्हणत नाहीत, हे मी जाणतो. उत्तरायुष्यात त्याही पुण्यास गेल्या. १३ जुलै २००० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

ही सारी पुस्तके मी ज्या कपाटांतून घेऊन वाचली, त्या कपाटांविषयी येथे लिहिणे म्हणजे यजमानाची स्तुती त्याच्याच पंगतीत बसून करणे. तरी एवढे सांगतो, की वाचनालयात जाणे हाही या गावाचा एक फेरफटकाच होता. पुस्तक बदलायचे निमित्त. खरे म्हणजे कोपऱ्यापर्यंत कोणाची तरी सोबत मिळायची, येताना गणपत गल्लीतून भाजी घ्यायची, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खिसा बरा असला तर पाव किलो कुंदाही. येथे आलो तेव्हा माझ्याजवळ ना रेशनकार्ड होते, ना मतदारयादीत नाव. या गावात माझे नाव असलेला पहिला कागद म्हणजे वाचनालयाचे सभासद-कार्ड. अनामत रक्कम घेताना ग्रंथपालांनी मी मूळचा कोठला हे विचारले नाही, पुस्तक कोणते हवे हे विचारले.

आता दत्तकविधान उलट दिशेने चालले आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुले पदवीनंतर पुण्याला जातात. माझी मुलगीही गेली. तिला मी सुरुवातीस फार उपदेश केले. हल्ली करत नाही. फोनवर ती कोथरूडच्या टेकडीविषयी सांगते, पहाटे तेथे भेटणाऱ्या आजोबांविषयी सांगते, कोठली अमृततुल्य बरी आहे हे सांगते. ऐकताना थोडे वाईट वाटते आणि थोडे बरेही वाटते. तिने ते गाव घेतले, हे तिच्या बोलण्यावरून कळते.

गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, ''बाबा, दुसऱ्या गेटापर्यंत जाऊन येऊ या.'' गेलो. फाटक पडलेले होते. एरवी हॉर्न वाजवीत राहणारी गर्दी त्या दिवशी का कोण जाणे शांत होती. शेजारी दुचाकीवर एक गृहस्थ होते. त्यांनी तिच्याकडे पाहून मला विचारले, ''लेक काय सर? कवा आली?'' मी त्यांना ओळखत नव्हतो. गाडी मिरजेकडे निघून गेली. फाटक उघडले तरी आम्ही तिघे आणखी थोडा वेळ बोलत उभे होतो.