टेंडर नोटिशीतली मजुरीची ओळ

अमेरिकेत ऑनसाइट गेलेल्या बहुतेक मंडळींनी हा कागद पाहिलेला असतो. ऑफिसच्या पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हच्या शेजारी, टाचणीने लावलेला. अमुक पदावर एच-वन-बी व्हिसावर माणूस घेत आहोत, पगार इतका, आणि या जागेसाठीचं 'प्रिव्हेलिंग वेज' तितकं. दोन ठळक ठिकाणी, दहा दिवस लावायचा असा नियम आहे. १९९० च्या इमिग्रेशन कायद्यापासूनचा. कोणी वाचत नाही. कॉफी घेताना नजर जाते, एवढंच.

पण हा 'प्रिव्हेलिंग वेज' शब्द आला कुठून? सॉफ्टवेअरमधून नक्कीच नाही. तो आला विटांच्या रस्त्यांवरून, सरकारी इस्पितळांच्या पायांतून, नगरपालिकांच्या टेंडरमधून. आजही अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या काउंटीचं वर्तमानपत्र उघडलंत, तर मागच्या पानावर जाहीर नोटीस दिसते: शाळेचं छप्पर दुरुस्त करायचं आहे, बंद पाकिटात दर मागवत आहोत, अमुक तारखेला दुपारी दोन वाजता पाकिटं उघडू. आणि बऱ्याचदा खाली एक ओळ असते, की या कामावरच्या मजुरांना या भागातल्या प्रचलित दरापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही. या एका ओळीमागे शंभराहून जास्त वर्षांची भांडणं आहेत.

आधी साधा हिशोब बघू. समजा, काम १०० रुपयांचं आहे. त्यात सिमेंट, सळई, खडी, डिझेल मिळून ६० रुपये. मजुरी २५. उरलेले १५ म्हणजे मशिनरी, ऑफिसखर्च आणि नफा. आता एक कंत्राटदार १५ टक्के 'बिलो' टेंडर भरतो आणि एल-वन येतो, म्हणजे काम त्याला. सिमेंटची गोणी त्याला स्वस्त मिळत नाही, पंपावर डिझेलचा भाव सगळ्यांना सारखाच. म्हणजे ६० रुपये हलत नाहीत. आधी ४० रुपयांत जे बसवायचं होतं ते आता २५ मध्ये बसवायचं. एक तर मालात चोरी करा, नाही तर मजुरीत. थोडक्यात काय, तर मजुरीला खालून फळी नसेल तर टेंडरमध्ये बोली लागते ती कामाची नाही, माणसाच्या रोजाची.

हे पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं ते लंडनमध्ये. १८८९ साली लंडनच्या स्कूल बोर्डाने आणि त्याच वर्षी कामाला लागलेल्या लंडन काउंटी कौन्सिलने ठरवलं की आमची कामं घेणाऱ्याने त्या त्या धंद्यात मान्य असलेली मजुरी दिली पाहिजे. दोन वर्षांनी, १८९१ च्या फेब्रुवारीत, ब्रिटिश पार्लमेंटने 'फेअर वेजेस' ठराव केला आणि सरकारी कंत्राटांना तेच लागू केलं. सोबत पोटकंत्राटातून होणाऱ्या पिळवणुकीलाही आळा घालायचा, असं त्यात होतं. गंमत म्हणजे हा कायदा नव्हता, नुसता ठराव. सरकार म्हणालं, आम्ही गिऱ्हाईक आहोत आणि गिऱ्हाईक म्हणून आमची ही अट. पटत नसेल तर टेंडर भरू नका!

त्याच १८९१ साली अमेरिकेतल्या कॅन्ससने मात्र सरळ कायदा केला. राज्य, काउंटी, शहर यांच्या कामावर दिवस आठ तासांचा, आणि मजुरी त्या भागात चालू असलेल्या दराने. कंत्राटदार अर्थातच कोर्टात गेले. कॅन्सस सिटीत एका रस्त्यावर विटांची फरसबंदी करणाऱ्या ॲटकिन नावाच्या कंत्राटदाराने मजुराला आठऐवजी दहा तास राबवलं होतं. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९०३ मध्ये न्यायमूर्ती हार्लन यांनी निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा: सरकारी काम मिळणं हा कोणाचा हक्क नाही. सरकार आपल्या कामाच्या अटी ठरवू शकतं. दोनच वर्षांनी, १९०५ मध्ये, याच कोर्टाने न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांची दहा तासांची मर्यादा मात्र रद्द केली. का? तर बेकरी खाजगी. म्हणजे त्या काळात मजुराला संरक्षण द्यायचं असेल तर सरकारी टेंडर हाच जवळपास एकमेव दरवाजा उघडा होता.

पण त्या दरवाज्याला एक फट राहिली होती. 'त्या भागात चालू असलेला दर' म्हणजे नक्की काय? भाग म्हणजे गाव, तालुका की जिल्हा? चालू दर म्हणजे सरासरी, की सगळ्यात जास्त लोकांना मिळतो तो? कुठलाही प्रोग्रॅमर सांगेल की व्हेरिएबल डिक्लेअर केलं पण व्हॅल्यू दिलीच नाही, तर प्रोग्रॅम कधीतरी कोसळणारच. तो कोसळला १९२६ साली. ओक्लाहोमाचा कायदा अगदी याच शब्दांत होता. पूल बांधणारी एक कंपनी कोर्टात गेली आणि सुप्रीम कोर्टाने तो अमान्य केला. कारण सामान्य बुद्धीच्या माणसाला ज्याचा नुसता अंदाजच बांधावा लागतो, अशा शब्दांवरून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. कंत्राटदार खट्याळ असेलही, पण या मुद्द्यावर त्याचं बरोबर होतं.

आता येतो गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. १९२७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर माजी सैनिकांसाठी सरकारी इस्पितळ बांधायचं होतं. सगळ्यात कमी दर भरला अलाबामाच्या कंत्राटदाराने. त्याने दक्षिणेतून स्वस्तात मजूर आणले, बहुतेक कृष्णवर्णीय, आणि त्यांना झोपड्यांत ठेवलं. तिथले काँग्रेस सदस्य रॉबर्ट बेकन संतापले आणि त्यांनी विधेयक आणलं. चार वर्षं ते अडकलं. मग महामंदी आली, स्थानिक माणसं बेकार फिरायला लागली आणि ३ मार्च १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी 'डेव्हिस-बेकन' कायद्यावर सही केली. ५,००० डॉलरच्या वरच्या केंद्र सरकारच्या बांधकामांवर स्थानिक प्रचलित मजुरी सक्तीची झाली.

ऐकायला छान वाटतं. पण तेव्हाच्या चर्चेत काही सदस्य उघडपणे 'स्वस्त काळ्या मजुरां'विषयी बोलले होते. आणि त्या काळच्या बऱ्याच बांधकाम युनियन कृष्णवर्णीयांना दारात उभं करत नव्हत्या. मग स्थानिक दर म्हणजे बहुतेकदा युनियनचा दर, आणि त्या दराची कामं युनियनवाल्यांनाच. जी फळी मजुराला खाली पडू देत नाही, तीच फळी दुसऱ्या मजुराला वर चढू देत नाही, असं झालं. या कायद्याच्या विरोधकांनी हा इतिहास नंतर वारंवार उगाळला आणि समर्थकांनी तो हळूच बाजूला सारला. मला वाटतं, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. अलाबामाच्या त्या मजुराची पिळवणूक होत होती हे खरं. आणि त्याला वाचवायला हा कायदा आला नाही, त्याला परत पाठवायला आला, हेही बऱ्याच अंशी खरं. चांगलं कलम वाईट हेतूनेही लिहिलं जातं. मग प्रश्न उरतो की पुढे ते कोणाच्या उपयोगी पडलं?

१९३१ च्या कायद्यात ओक्लाहोमाचीच चूक पुन्हा होती: दर आधी जाहीर करायचा नव्हता. टेंडर भरा, काम घ्या, आणि भांडण झालं तर मग दर ठरवू! १९३५ मध्ये ही चूक दुरुस्त केली. कामाच्या जाहिरातीसोबतच्या तपशिलातच प्रत्येक प्रकारच्या कामगाराची किमान मजुरी छापायची. सुताराची इतकी, गवंड्याची इतकी. शिवाय तो तक्ता कामाच्या जागी सगळ्यांना दिसेल असा लावायचा, आणि आठवड्याला पगार करायचा. मर्यादाही ५,००० वरून २,००० डॉलरवर आणली. ती आजही २,०००च आहे! आपल्या पॅन्ट्रीतला तो कागद याच तक्त्याचा लांबचा नातू.

दर छापला म्हणजे सगळं झालं का? नाही. मुकादम कागदावर पूर्ण मजुरी दाखवायचा आणि संध्याकाळी त्यातला वाटा परत काढून घ्यायचा. त्यासाठी १९३४ मध्ये कोपलँड कायदा करावा लागला होता. त्यातूनच कंत्राटदाराने दर आठवड्याला मजुरीचा ताळेबंद सरकारला देण्याची पद्धत आली. आणि 'प्रचलित' म्हणजे काय, हा वाद तर अजून संपलेला नाही. पूर्वी त्या भागातल्या ३० टक्के कामगारांना मिळणारा दर प्रचलित धरता येत असे. रेगन यांच्या काळात ती अट ५० टक्क्यांच्या वर गेली, २०२३ मध्ये पुन्हा ३० टक्क्यांचा नियम आला. २००५ साली कतरिना वादळानंतर बुश यांनी वादळग्रस्त भागात हा कायदाच स्थगित केला आणि दोन महिन्यांनी परत लागू केला. म्हणजे फळी काढली, ती नेमकी माणसं सगळ्यात अगतिक असताना.

असो. आता आपल्याकडे येऊ.

आपल्या मराठी पेपरातली 'जाहीर ई-निविदा सूचना' आठवा. कामाचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, बयाणा रक्कम, कामाचा कालावधी, कोऱ्या निविदेची किंमत, आणि शेवटी 'कोणतीही निविदा कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे'. मजुरीचा शब्दही नसतो. आपल्याकडे नियम नाहीत असं मात्र नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कंत्राटात वर्षानुवर्षे कलम आहे की मजुरांना 'फेअर वेज' द्यायचं, आणि त्याची व्याख्या काय, तर निविदा मागवताना जाहीर केलेली मजुरी. १९४८ चा किमान वेतन कायदा होता, तो आता वेतन संहितेत गेला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने तर कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यावा असंही म्हटलं होतं. कागद भक्कम आहे. तो शंभर पानी निविदा संचाच्या आत असतो, एवढंच.

१९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी या कागदाची किंमत कळली. स्टेडियम, उड्डाणपूल बांधणाऱ्या मजुरांसाठी किमान मजुरी रोज ९ रुपये २५ पैसे होती. कंत्राटदार ती जमादाराला द्यायचा, जमादार माणशी एक रुपया कापून ८ रुपये २५ पैसे मजुराच्या हातावर टेकवायचा. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. न्यायमूर्ती भगवती आणि बहारुल इस्लाम यांनी म्हटलं की किमान मजुरीपेक्षा कमी पैशात काम करायला लागणं ही घटनेच्या २३ व्या कलमाने बंदी घातलेली वेठबिगारच आहे. पोटातली भूकही सक्तीच असते. आपण बांधकामावरच्या साध्या मजुराला 'बिगारी' म्हणतो, तो शब्द याच बिगारीतला. रोज तोंडात असतो, म्हणून टोचत नाही. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या एका रस्त्याच्या दुष्काळी कामाबद्दल कोर्टाने हेच सांगितलं: दुष्काळ आहे म्हणून सरकारला स्वस्तात माणूस राबवता येणार नाही.

आणि तरीही पैसे गळतच राहिले, कारण हजेरीपट मजुराला दिसत नव्हता. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातल्या कोट किराणा गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. मस्टर आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचायची, एवढाच कार्यक्रम. मग १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं. मागणी साधी होती, की आमच्या नावावर काय लिहिलंय ते आम्हाला दाखवा. त्यातून वाढत वाढत २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. आपण आज पासपोर्टच्या फाईलसाठी किंवा सोसायटीच्या पाण्यासाठी जो माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो, त्याच्या मुळाशी अशा मस्टरवरची दोन-चार रुपयांची मजुरी आहे.

या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसते. लंडन, कॅन्सस, ओक्लाहोमा, दिल्ली, कोट किराणा... प्रत्येक ठिकाणी एकेक पायरी चढावी लागली. आधी दर असला पाहिजे, मग त्याचा आकडा ठरला पाहिजे, मग तो बोली लावण्याआधी जाहीर झाला पाहिजे, आणि शेवटी ज्याला तो मिळायचा त्याला तो वाचता आला पाहिजे. आपण शेवटच्या पायरीवर अडकलोय. महाराष्ट्रात टेंडर फार बिलो गेलं की सरकार कंत्राटदाराकडून जादा सुरक्षा अनामत घेतं. म्हणजे एवढ्या कमी दरात काहीतरी गडबड होणार, हे सरकारला चांगलं कळतं. फक्त ती अनामत कामासाठी असते, मजुरासाठी नाही.

आणि सरकारला तरी का बोलायचं? आपल्या सोसायटीचं रंगकाम निघतं तेव्हा तीन कोटेशन्स येतात. आपण जनरल बॉडीत सगळ्यात खालचं उचलतो आणि वर आणखी पाच टक्के कमी करायला सांगतो. रंग कुठल्या कंपनीचा, किती कोट, गॅरंटी किती वर्षं, सगळं विचारतो. दहाव्या मजल्यावर पाळण्यात लटकणाऱ्या माणसाला दिवसाचे किती मिळणार, हे कोणी विचारत नाही. पुढच्या मीटिंगला तेवढी एक ओळ घालून बघा. तिन्ही कोटेशन्सना सारखीच लागू असेल, तर कोणाचंच नुकसान नाही... निदान वर लटकणाऱ्याचं तरी नाही.