शौचाच्या जागेला गाठ आली? प्रत्येक गाठ मूळव्याध नसते

आपल्याकडे शौचाच्या जागेला गाठ लागली की माणूस स्वतःच ठरवून मोकळा होतो, मूळव्याध झाली म्हणून. लाजेने घरातही सांगत नाही. मीही तेच केलं. गव्हाला रात्रीचं पाणी देण्याचे दिवस होते, आठ दिवस बाजारातला लेप लावत बसलो. मग थंडी वाजून ताप भरला तेव्हा सर्जनकडे गेलो. मूळव्याध नव्हतीच, पू भरलेलं गळू होतं.

गळू ओळखायची खूण म्हणजे ठणका. जागा लाल, गरम, बसवत नाही, वाढत जाणारं दुखणं आणि बऱ्याचदा ताप. यात नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, चीर देऊन पू काढावा लागतो. शुगर असलेल्यांनी तर एक दिवसही थांबू नये. गळू फुटून बरं वाटलं तरी पुढे बऱ्याच जणांना भगंदर होतं, म्हणजे बारीक छिद्रातून पू येत राहतो. त्यावर ऑपरेशन आहे, तसंच आयुर्वेदात क्षारसूत्र आहे. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला हा दोरा साधारण आठवड्याला बदलतात. हे काम शिकलेल्या वैद्याचंच, कोंब झाडून देणाऱ्याचं नव्हे.

मूळव्याधीचं वेगळं असतं. आतल्या मूळव्याधीत बहुतेक वेळा न दुखता लालभडक रक्त पडतं, कोंब शौचाच्या वेळी बाहेर येतो, आत जातो. बाहेरच्या कोंबात रक्त गोठलं तर एकाएकी निळसर, द्राक्षाएवढी, फार दुखणारी गाठ येते. पहिल्या 3 दिवसांत गेलं तर डॉक्टर जागा बधिर करून गोठलेलं रक्त काढू शकतात. त्यानंतर दुखणं आपोआप उतरत जातं, तोवर कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा 10-15 मिनिटं बसावं. आतल्या कोंबाला रबरबँड लावतात, तो वाळून गळून पडतो.

शौचाला चिरल्यासारखी आग होत असेल तर ते फिशर. जुन्या फिशरजवळ कातडीचा छोटा लोंबता तुकडा तयार होतो, लोक त्यालाच कोंब समजतात.

मूळव्याध आणि फिशर दोन्हीचं मूळ बहुधा कडक शौच आणि कुंथणं. भरपूर पाणी, पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी, रात्री इसबगोल. आणि मोबाईल घेऊन संडासात अर्धा तास बसू नका (ही बातमी तिथे बसून वाचत असाल तर उठा).

गाठ टणक आहे, वाढतेय, वजन घटतंय, शौचाची सवय बदललीय, किंवा चाळिशीनंतर रक्त पडायला लागलंय, तर कॅन्सर नाही ना हे तपासून घ्यावंच लागतं. तपासणी दोन-चार मिनिटांची असते. बायकांनी लेडी डॉक्टर मागावी, नसेल तर नर्सला सोबत थांबायला सांगावं.