फेटलेली कॉफी

फेटलेली कॉफी हा विद्राव्य (बाजारात ‘इन्स्टंट’ या नावाने मिळणाऱ्या) कॉफीच्या भुकटीपासून घरी केला जाणारा फेसाळ पेयप्रकार आहे. भुकटी व साखर अगदी थोड्या पाण्यात एकत्र करून मिश्रण फिकट व हलके होईपर्यंत फेटतात आणि त्यावर गरम दूध ओततात. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक चमचा व एक पेला पुरतो. भारतात हा प्रकार अनेक दशकांपासून घरोघरी प्रचलित आहे. तरीही २०२० साली तो ‘दालगोना कॉफी’ या कोरियन नावाने नव्याने गाजला, तेव्हा अनेकांना तो परदेशातून आलेला वाटला.

नाव

मराठीत या क्रियेसाठी ‘फेटणे’ व ‘फेसणे’ ही दोन्ही क्रियापदे वापरली जातात. नानकटाईसाठी तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसतात, लोणच्यासाठी मोहरी फेसतात. कॉफीच्या बाबतीत मात्र ‘फेटलेली’ हेच विशेषण रूढ झाले आहे. काही घरांत तिला ‘एस्प्रेसो’ किंवा ‘एक्स्प्रेसो’ म्हणतात. लग्नसमारंभांत वाफेच्या यंत्रावर फेसाळ करून, वर चॉकलेटची भुकटी भुरभुरून दिली जाणारी दुधाची कॉफी याच नावाने ओळखली जाते आणि घरची कॉफी दिसायला तिच्या जवळ जाते. मूळ इटालियन एस्प्रेसोशी या दोन्हींचा संबंध नावापुरताच आहे. ती दळलेल्या कॉफीतून दाबाखाली गरम पाणी सोडून काढलेला दूधविरहित अर्क असते.

महाराष्ट्रातील जुन्या पद्धतीची घरगुती कॉफी वेगळी. तिच्यात दूध, साखर व कॉफी एकत्र उकळतात आणि जायफळ-वेलदोड्याची पूड घालतात. फेस हा तिचा गुण मानला जात नाही.

कृती

एका कपासाठी एक लहान चमचा कॉफी, दोन लहान चमचे साखर व सुमारे अर्धा ते एक लहान चमचा पाणी घेतात. पाणी थेंबाथेंबाने घालणे इष्ट. बहुतेक फसलेल्या कॉफीचे कारण पाण्याचा सढळ हात हेच असते. मिश्रण प्रथम काळपट व चिकट दिसते. फेटत गेल्यावर ते तपकिरी आणि अखेरीस बदामी होते. चमच्याने ओढलेली रेघ क्षणभर टिकून राहिली की ते तयार झाले असे समजावे. हाताने या कामाला साधारण तीन ते पाच मिनिटे लागतात. मग दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर कढत दूध थोड्या उंचीवरून ओततात. फेटलेले मिश्रण दुधात विरघळते, पण त्यातील हवा वर येऊन जाड थर धरते.

दूध ओतण्यापूर्वी साय गाळून घ्यावी. स्निग्धांश बुडबुड्यांचे पापुद्रे दुबळे करतो. तुपाचा वा तेलाचा अंश राहिलेल्या भांड्यात मिश्रण नीट फुलत नाही, तेही याच कारणाने.

फेस येण्याचे कारण

कॉफीच्या बियांतील काही प्रथिने, बहुशर्करा आणि भाजताना तयार होणारी तपकिरी संयुगे विद्राव्य भुकटीत उतरलेली असतात. फेटताना मिश्रणात हवा शिरते व हे घटक बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात. तयार कपभर कॉफी चमच्याने कितीही ढवळली तरी असा फेस टिकत नाही, कारण तिच्यात हे घटक फार विरळ असतात. म्हणून दुधाआधी, दाट मिश्रणातच फेटावे लागते.

साखरेचे काम येथे गोडीपुरते नाही. साखरेच्या दाट पाकामुळे बुडबुड्यांमधील द्रव सावकाश निथळतो आणि फेस तग धरतो. साखरेशिवायही फेस येतो, परंतु तो लवकर बसतो. मिश्रणाचा रंग फिका होतो तो असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरल्यामुळे. कॉफी सौम्य झाली असा त्याचा अर्थ नव्हे.

दळलेल्या बियांची (फिल्टरची) कॉफी या कृतीस चालत नाही, कारण तिचा चोथा पाण्यात विरघळत नाही. चिकोरीमिश्रित विद्राव्य भुकटी चालते. भारतीय अन्न नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असणे बंधनकारक असून चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असते.

घाईच्या वेळची तयारी

या कॉफीत वेळ जातो तो केवळ फेटण्यात. डबे भरण्याच्या धांदलीत पाच मिनिटे चमचा फिरवीत बसणे परवडत नाही, म्हणून मिश्रण आधी करून ठेवण्याची सोय अनेक घरांत आढळते. पाव वाटी कॉफी, अर्धी वाटी साखर आणि दोन मोठे चमचे पाणी मिक्सरच्या लहान भांड्यात थांबत थांबत फिरवले, की सात-आठ कपांचे मिश्रण होते. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ते शीतकपाटात काही दिवस टिकते. तळाशी पाक सुटला तर पुन्हा थोडे फेटावे. सकाळी कपात दोन मोठे चमचे मिश्रण घालून दूध ओतले की झाले. एखाद-दुसऱ्या कपासाठी बॅटरीवर फिरणारी लहान फेटणी अर्ध्या-एक मिनिटात काम करते. झाकणाच्या बरणीत मिश्रण जोराने हलवण्याचीही पद्धत आहे. मात्र एका कपाचे मिश्रण इतके थोडे असते की ते बरणीच्या कडांनाच चिकटून राहते.

दालगोना व इतर सदृश प्रकार

जानेवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियाचा अभिनेता जंग इल-वू याने मकाऊतील एका उपाहारगृहात प्यालेल्या फेटलेल्या कॉफीची चव एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘दालगोना’ या कोरियन मिठाईसारखी असल्याचे सांगितले. ही मिठाई वितळलेल्या साखरेत खाण्याचा सोडा घालून करतात. पुढे टाळेबंदीच्या काळात घरी अडकलेल्या लोकांनी ही कॉफी करून तिच्या चित्रफिती प्रसारित केल्या. भारतात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि तीच कृती येथे नव्या नावाने परतली. फरक मांडणीचा आहे. दालगोनात कॉफी, साखर व पाणी समप्रमाणात घेतात आणि घट्ट फेस थंड दुधावर तरंगत ठेवतात. भारतीय प्रकारात दूध गरम असते व ते फेसावर ओतले जाते.

ग्रीसमधील ‘फ्राप्पे’ हा थंड प्रकारही विद्राव्य कॉफीचाच. १९५७ साली थेसालोनिकी येथील आंतरराष्ट्रीय मेळ्यात दिमित्रिस वाकोंदिओस यांनी गरम पाणी न मिळाल्याने भुकटी थंड पाण्यासह हलवली व त्यातून तो निघाला, असे सांगितले जाते. क्यूबामध्ये साखर गडद कॉफीच्या पहिल्या थेंबांत घोटतात. तेथे भुकटी मुळीच लागत नाही.

आहारविषयक बाबी

दोन लहान चमचे साखर म्हणजे सुमारे ८ ते १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची मुक्त शर्करा शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवण्यास सुचवते. अशा दोन कपांतच तिचा मोठा वाटा संपतो. आधी करून ठेवलेल्या मिश्रणात साखर मिसळलेलीच असल्याने घरातील मधुमेही व्यक्तीसाठी ते उपयोगाचे नाही. तिच्यासाठी बिनसाखरेची कॉफी ऐनवेळी फेटून, फेस बसण्याआधी द्यावी लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार विद्राव्य कॉफीच्या एका कपात ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाचे सेवन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावे. चहा-कॉफीतील टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते, त्यामुळे जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास ही पेये टाळावीत, असेही तीत म्हटले आहे. सकाळच्या न्याहारीसोबतच कॉफी घेण्याची आपल्याकडील सवय या सूचनेशी जुळत नाही.