एका दिवसाचा होकार

मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगितलेली संत फ्रान्सिस झेवियरची गोष्ट तुम्हा सगळ्यांना आठवत असेल: देवाचं पाचारण आलं आणि तो लगेच भारताकडे निघाला. गोष्ट खरी आहे. फक्त ती बरीच आधी सुरू होते.

मार्च १५४०, रोम. पोर्तुगालच्या राजाला भारतात पाठवायला धर्मगुरू हवे होते. इग्नेशियस लोयोलानं निवडलेल्या दोघांपैकी बोबादिया ऐन वेळी आजारी पडला आणि राजदूत मास्करेन्यस तर निघायच्या तयारीत. इग्नेशियसनं झेवियरला विचारलं. त्यानं जुन्या विजारीला ठिगळं लावली आणि एका दिवसात रोम सोडलं. जाताना एक कागद लिहून ठेवला: संघाचे पुढे जे नियम ठरतील ते मला मान्य, आणि प्रमुखपदासाठी माझं मत इग्नेशियसला. नियम अजून लिहायचेच होते. येशूसंघाला पोपची मंजुरी मिळाली ती २७ सप्टेंबरला! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात स्कोप ठरायच्या आधी कुणी साइन-ऑफ दिला, तर मॅनेजर त्याला वेड्यात काढेल.

पण अकरा वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हाच माणूस अगदी उलटा होता. नवारातलं सरदार घराणं. १५१२ मध्ये कॅस्टिलनं राज्य घेतलं, पुढे त्यांच्या गढीचे बुरूजही पाडले गेले. १५२१ मध्ये पँप्लोनाच्या लढाईत झेवियरचे भाऊ एका बाजूला होते. किल्ल्याच्या आत, विरुद्ध बाजूनं लढताना तोफगोळ्यानं ज्याचा पाय मोडला, तो हाच इग्नेशियस! आणि १५२९ मध्ये तो सेंट बार्ब कॉलेजात झेवियरच्याच खोलीत राहायला आला. अडतिशीचा, लंगडत चालणारा विद्यार्थी. खोलीतला तिसरा, पीटर फेबर, आधी वळला. झेवियर मात्र त्याची टिंगल करायचा. १५३१ मध्ये तर त्यानं आपल्या कुलीनतेचा दाखला मिळवायची खटपट केली. पँप्लोनाच्या कॅथेड्रलमधलं मानाचं पद त्याला हवं होतं. हा नकार तीन-चार वर्षं टिकला. माझ्या मते त्याच्या चरित्रातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि गोष्टीतून नेमका तोच गळतो.

१५ ऑगस्ट १५३४ ला माँमार्त्रला सात जणांनी शपथ घेतली: जेरुसलेमला जाऊ, ते जमलं नाही तर पोप पाठवतील तिथे. तुर्कांशी युद्ध पेटलं, जहाजं सुटली नाहीत. म्हणजे १५४० मध्ये झेवियरला नव्यानं ठरवायचं असं फारसं उरलंच नव्हतं. फक्त सामान बांधायचं होतं.

७ एप्रिल १५४१ ला तो लिस्बनहून निघाला आणि ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला. तिथे हातात घंटा घेऊन रस्त्यातली मुलं गोळा करून शिकवायचा. याच झपाट्यानं १५४६ मध्ये त्यानं राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशनही मागितलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आलं. तेव्हा तत्परता म्हणजेच शहाणपण, असं मी म्हणणार नाही.

बारावीनंतर आपल्यातली एक धर्मभगिनी व्हायला गेली, तेव्हा “एका रात्रीत काय हे!” असं आपण सगळेच म्हणालो होतो. मध्यंतरी भेटली तेव्हा मी तिला विचारलं. ती हसली. सातवीपासून मधल्या सुट्टीत अर्धा डबा तसाच ठेवून ती चॅपलमध्ये जायची, आणि उरलेला आपण संपवायचो.